शिडाखालची कलमं

नीराबाई,

ती कलमं तू मारली नाहीस, असं मी या पत्रात लिहिणार नाही. मारलीस. तू शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलीस आणि मी दर वेळी ‘पुरे झालं आता’ म्हणून तुला गप्प करत राहिले. पण ती कशी मेली ते लोक सांगतात तसं नाही. आक्षीच्या कोळीवाड्यात आता तुझी नातवंडंच हसत सांगतात, आमच्या आजीने आंब्याला शीड पांघरलं होतं. ऐकणाऱ्याला वाटतं, होती कोणी खुळी बाई. खुळी तू नव्हतीस. म्हणून एकदा नीट लिहून काढते. तुला वाचता येत नव्हतं. ज्यांना येतं त्यांनी वाचावं.

आमच्या नागावच्या वाडीत विहिरीच्या अंगाला खोबरीचं झाड होतं. आमच्याकडे आंब्याच्या झाडांना माणसांसारखी नावं असतात, तसं हे नाव. खोबरी रसाची नव्हे, कापून खायची. गर कोवळ्या खोबऱ्यासारखा घट्ट, रेषा औषधाला नाही. असा आंबा दुसऱ्या कुठल्याच वाडीत नव्हता, आणि माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, त्याचा ताठा होता. तू आमच्याकडे मासळी द्यायला यायचीस. येताना डोक्यावर पाटी, जाताना आमच्या विहिरीच्या गोड्या पाण्याचा हंडा, कारण कोळीवाड्यातल्या विहिरींचं पाणी मचूळ. मे महिन्यात हंड्याबरोबर पदरात दोन खोबऱ्या असायच्याच. त्या तू वाटेत खायचीस, घरी पोचू द्यायची नाहीस, हे काळूरामने आम्हाला सांगितलं होतं. तुझ्या नवऱ्याच्या पोटात काही राहत नसे.

खोबरीची कलमं बांधायची अप्पांची फार वर्षांची हौस. तेव्हा आमच्याकडे भेटकलमच करत. रायवळ आंब्याचं रोप मडक्यात वाढवायचं, मडकं फांदीपर्यंत उचलून ठेवायचं, रोपाची आणि फांदीची साल तासून दोघांना एकमेकांशी बांधायचं आणि सांधा जुळला की फांदी झाडापासून तोडायची. पण खोबरीच्या फांद्या उंच. शेवटी अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात अप्पांनी झाडाखाली बांबूचा उंच माच बांधून घेतला आणि त्यावर मडकी चढवली. वय झालेलं, दमा. तरी रोज शिडीवरून वर. तू खालून ओरडायचीस, ‘अप्पा, उतरा, म्हातारपणी माकड झालंय तुमचं,’ आणि ते वरून तुला मासळीच्या भावावरून टोचायचे. दिवाळीपर्यंत कलमं सुटी होऊन पडवीत आली. कोवळी, तांबूस पानांची. ती थंडीभर जपायची आणि पुढच्या पावसात जमिनीत लावायची, एवढंच राहिलं होतं.

आणि नोव्हेंबरात ते तुफान झालं.

त्या वेळी मी मुंबईला कॉलेजात होते, तुफान मी तिथलं पाहिलं. नागावचं तू मला सांगितलंस. नारळी-पोफळी काड्या मोडाव्यात तशा मोडल्या. खोबरी मुळासकट आडवी झाली. आमच्या घराचा वासा अप्पांच्या पायावर पडला. तिकडे आक्षीच्या खाडीत बांधलेली काळूरामची होडी खडकावर आपटून फुटली आणि समुद्राचं पाणी तुझ्या घरात शिरलं. काळूरामने शीड आधीच उतरवून घरात आणलं होतं, म्हणून तेवढं वाचलं. पण तेही त्या खाऱ्या पाण्यात भिजत पडलं होतं. पाणी ओसरल्यावर तू ते उचललंस, पिळलंस आणि कुंपणावर वाळत टाकलंस.

पाय मोडलेल्या अप्पांना बाजेवर घालून रेवसच्या मुंबईच्या लाँचपर्यंत न्यायला काळूराम आणि त्याचे भाऊबंद आले. बाज उचलण्याआधी अप्पांनी दोन गोष्टी केल्या. पडलेल्या खोबरीचं खोड काळूरामला दिलं, नवी होडी बांध म्हणाले. आणि तुला पडवीत बोलावून कलमं दाखवली. झाड गेलं, आता खोबरी म्हणून जे काय आहे ते या मडक्यांत आहे, असं सांगितलं. पहाटेचा वरकडचा, म्हणजे पूर्वेकडून येणारा, वारा लागू देऊ नकोस, पाणी बेताचं घाल, रात्री काहीतरी आडोसा कर. तू म्हणालीस, ‘माझा घोव रातचा उघडा दर्यात उभा ऱ्हातो, तो मरत न्हाय, तुमची झाडां काय मरतान? मी हाय.’

हे ‘मी हाय’ तुला पुढे फार महागात पडलं.

थंडीत कलमांना आडोसा करायचा म्हणजे आमच्याकडे नारळाच्या पातीचे विणलेले झाप लावायचे. पूर्वेकडून एक आणि वरून तिरका एक, हवा खेळती ठेवून. कुणालाही येणारी गोष्ट. पण त्या वर्षी गावात झाप कुठले? घराघरावरची छपरं उडालेली, जो तो झाप विणून छपरावर घालत होता. एकेका झापासाठी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणं. तू दोन वाड्यांत मागून आलीस. एकीने सांगितलं, माझी पोरं उघड्यावर निजतात आणि तू आंब्यांना पांघरूण मागतेस? तिचं काही चुकलं नव्हतं. तू परत आलीस आणि तुझ्याकडे होती त्यातली सगळ्यांत जाड, सगळ्यांत चांगली वस्तू काढलीस. शीड.

काळूराम त्यावरून खूप बोलला, म्हणालीस. होडी नसली तरी शीड हे शीड, ते काय झाडांवर टाकायची चीज आहे? तू त्याला गप्प केलंस: होडीचं लाकूड ज्याने दिलं त्याच्या झाडांना शीड द्यायला हात आखडतोस? मग त्याने स्वतः पडवीच्या खांबांना दोरी बांधून दिली. दोघं मिळून तुम्ही रोज संध्याकाळी मडक्यांवर शीड ओढायचात.

रात्री दव पडायचं. सकाळी शीड ओलं जड झालेलं असायचं आणि त्याच्या काठावरून थेंब पानांवर, मडक्यांत पडायचे. तुला ते बरंच वाटलं, झाडांना पाणी मिळतंय. पुढे पानांची टोकं काळी पडली. तुला वाटलं, थंडी लागली. तू शीड आणखी खाली ओढून मडक्यांभोवती गुंडाळलंस. टोकांवरचा काळेपणा कडेने आत आला, तेव्हा दिवसाही ते काढेनाशी झालीस. जितकं झाड करपलं तितकं तू पांघरलंस. त्या थंडीत मुंबईला अप्पांना निरोप जात होते, ‘झाडां जपते हाय, काळजी करू नका.’ अप्पा हॉस्पिटलातल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाला खोबरीच्या गोष्टी सांगायचे. मी भेटायला गेले की मलाही त्याच.

संक्रांतीला आम्ही घरी आलो. अप्पा कुबडीवर. घरात शिरायच्या आधी पडवीत गेले. तू पुढे होऊन शीड ओढलंस. मडक्यांत नुसत्या काळ्या काड्या होत्या, त्यांना करपलेली पानं चिकटलेली. तू म्हणालीस, थंडी लई पडली अप्पा, मी दिवसरात पांघरून ठेवली.

मी शिडाला हात लावला. पत्र्यासारखं कडक लागलं, आणि घड्यांच्या जागी पांढरं उमटलं होतं. एक पान तोडून जिभेला लावलं.

‘मीठ आहे हे, नीराबाई,’ मी म्हणाले. ‘शिडाचं मीठ उतरलंय दवाबरोबर.’

तू माझ्या हातातून पान घेतलंस, जिभेला लावलंस. मग शिडाचा काठ तोंडात धरलास.

‘मना कायच लागत न्हाय, ताय.’

खरं सांगते, त्या क्षणी मला तुझा राग आला होता, पण तुझं ते वाक्य ऐकून रागाला धरायला जागा राहिली नाही. तुझं लुगडं, तुझी पाटी, जाळी, उशी, घराची कुडं, सगळ्याला तेच मीठ. तुला ते वेगळं लागणार कुठून? शिवाय नारळाच्या बुंध्यात तुम्ही मीठ घालता, मासळीचं पाणी ओतता आणि नारळ तरारतो. आंब्याचं कोवळं कलम निराळं, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. आडोसा कर एवढंच सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणाच्याही हातून शीड पांघरलं गेलं नसतं, कारण आमच्या घरात शीडच नव्हतं.

अप्पा काही ओरडले नाहीत. कुबडी भिंतीला लावून ते मडक्यांपाशी बसले, एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘तुला सांगून गेलो होतो.’

एवढंच. चहा झाल्यावर त्यांनी तुला जेवायला थांब म्हटलं, काळूरामची होडी कुठवर आली ते विचारलं. पण तू ते पुढचं काही ऐकलंच नव्हतंस. ते चार शब्द घेऊन गेलीस.

त्या दिवसापासून तू आमच्या विहिरीवर यायची बंद झालीस. गोड्या पाण्यासाठी हंडा घेऊन पार वेशीपलीकडच्या विहिरीवर जायला लागलीस. स्वयंपाकघराच्या दारात मासळी ठेवायचीस, तीही तुझ्या पाटीतली सगळ्यांत चांगली, एकदा तर अख्खं जिताडं, आणि हाक न मारता निघून जायचीस. ओटीवर पाय ठेवत नव्हतीस. मी सुट्टीत आले की तुला वाटेत गाठून झापायची. एकदा म्हटलं, तू असं तोंड लपवून फिरतेस त्याने अप्पांना बरं वाटतं असं वाटतं का तुला? तर म्हणालीस, अप्पांना बरं वाटावं म्हणून कुठं करते, मना बरं वाटत न्हाय म्हणून करते.

शेवटी अप्पांनी काळूरामला बोलावून सुनावलं, ‘तुझ्या बायकोला विचार, माझ्या विहिरीने तिचं काय घोडं मारलंय?’ तेव्हा कुठे तू परत पाण्याला आलीस. पण पूर्वीसारखं कट्ट्यावर टेकून गप्पा मारणं गेलं ते गेलंच. हंडा भरायचा, निघायचं.

चैत्रात एका मडक्यात हिरवं दिसलं. इतरांच्या आधी तूच पाहिलंस, कारण रोज पाण्याला आलीस की पडवीकडे एक नजर टाकायचीस, मला ठाऊक होतं. त्या दिवशी तू पहिल्यांदा आपण होऊन अप्पांना हाक मारलीस. ते लंगडत आले. खाली बसून त्यांनी माती बाजूला केली आणि ती कोवळी फूट कुठून आली ते बघितलं.

‘सांध्याच्या खालून आलीय,’ ते म्हणाले. ‘ही रायवळाची फूट. वरची खोबरी मेली ती मेली. टाक उपटून.’

तू विचारलंस, ‘मी नेऊ?’

‘ने की. आंबट येईल.’

‘येऊंदे. माझी तीच लायकी हाय.’

मी तिथेच होते. नाटकं करू नकोस, असं म्हटलं मी तुला. ते मी आजही म्हणेन. पण तू मडकं उचलून नेलंस, आणि पाऊस लागल्यावर दारात लावलंस, समुद्राकडे पाठ करून, घराच्या आडोशाला.

काळूरामची होडी खोबरीच्या फळ्यांची झाली. नारळी पुनवेला ती पाण्यात उतरली तेव्हा तू पूजेला आली नाहीस. झाड आम्हीच दर्यात घातलं नि त्याची पोरां पण आम्हीच मारली, असं तू रतनजवळ, तुझ्या मुलीजवळ, बोललीस म्हणे. काळूराम चिडला. त्याचं म्हणणं सरळ होतं: होडी चालते, पोटं भरतात, अप्पा हसून बोलतात, मग हिला काय झालंय? नीराबाई, माझंही म्हणणं तेच होतं.

त्या रायवळाला तू दर थंडीत झाप लावायचीस. वारा लागू नये म्हणून पूर्वेकडून एक, वरून तिरका एक. अप्पांनी सांगितलं होतं तसं, अगदी तसं. रायवळाला खरं म्हणजे कशाचीच गरज नसते, ते दगडावरही वाढतं. झाड झापाच्या वर गेलं, तरी तुझे झाप चालूच. कोळीवाडा हसायचा. झाडाला त्यांनी नाव ठेवलं ‘नीराचं पाप’. पोरं सर्रास म्हणायची, चल, पापाखाली खेळू. झाड मोहरलं तेव्हा कुणीतरी तुला विचारलं, काय गं, पापाला फळ कधी? तू म्हणालीस, ‘येल. पापाला उशिरा येतं, पन येतं.’ आणि आलं. दात आंबतील असं आंबट, नुसता दोऱ्यांचा गुंता. कोळीवाड्याने ते आनंदाने आमटीत घातलं, लोणच्यात घातलं, आणि तुझ्या दारात कैऱ्यांसाठी भांडणं व्हायला लागली. तू कधी एक फोड तोंडात घातली नाहीस.

अप्पा त्रेपन्न साली गेले. तुझ्या झाडाचं फळ त्यांनी पाहिलं नाही. जाण्याच्या आधी कधीतरी त्यांनी तुला काही सांगितलं का, की झालं ते सोडून दे, असं मी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, सांगितलं. मग सोडलंस का? न्हाय.

मी तोवर अलिबागला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि नागावहून रोज जा-ये करत होते. बासष्टच्या मे महिन्यात आमच्याकडे लग्नाला शिवदास आला. शिवदास म्हणजे अप्पांच्या चुलतभावाचा मुलगा, बोर्ली पंचतनचा. अठ्ठेचाळीसच्या दिवाळीत, तुफानाच्या आधी, तो आमच्याकडे आला होता आणि अप्पांनी एक कलम त्याला दिलं होतं. पुढे सगळी कलमं गेली तेव्हा अप्पांनी त्याला पत्र घातलं, तुझं कसं आहे? शिवदासने आयुष्यात कुणाच्या पत्राला उत्तर दिलेलं नाही. वाटेत लाँचवरच विसरला असणार, असं म्हणून अप्पांनी नाद सोडला. आम्हीही धरून चाललो की ते गेलं. तर हा गृहस्थ चौदा वर्षांनी करंडी घेऊन उभा आणि म्हणतो, आईने परसात काय लावलं होतं ते मला माहीतच नव्हतं, बघा तरी, तुमच्याकडच्यासारखा लागतो का.

मी एक फळ हातात घेतलं आणि तुला बोलावणं पाठवलं.

तू ओल्या लुगड्यानेच आलीस. मी काही सांगितलं नाही, फक्त आंबा पुढे केला. तू तो देठाकडून हुंगलास. चेहरा असा झाला की शिवदास घाबरून माझ्याकडे बघायला लागला.

‘व्हय,’ म्हणालीस. ‘हीच.’

कापून दिली तर खाईनास. पदराला हात पुसत उभी राहिलीस आणि थेट कामाचं बोललीस. आता हव्या त्या झाडाची काडी, म्हणजे डहाळी, आणून खोडावर पाचर मारून कलम बांधतात, हे तू आमच्या माळ्याकडे पाहिलं होतंस. बोर्लीहून काडी आणायची, तुझ्या दारातल्या झाडाचा शेंडा छाटायचा आणि त्यावर बांधायची. ‘तेची मुळां अप्पांच्या मडक्यातली हायेत, ताय. वर खोबरी चढवली की अप्पांचंच कलम झालं. मग तेच्यावरून तुमच्या वाडीत.’ मी म्हटलं, काडी तर आमच्या वाडीतल्या कुठल्याही रोपावर बसेल, तुझं कशाला तोडायचं? तू ऐकेनास. तुझंच झाड तोडायचं होतं तुला. आणि दोघींनी जायचं. काडी कुणी दुसऱ्याने आणलेली तुला चालणार नव्हती; आणि अनोळखी घरी एकटी जायला तू तयार नव्हतीस.

मी हो म्हटलं. काय मोठंसं होतं त्यात? पण काडी पावसाळ्यातच घ्यावी लागते आणि पावसाळ्यात लाँच बंद. लाँच सुरू होते तेव्हा तुमचा मासळीचा हंगाम, आणि काडी निरुपयोगी. राहता राहिली एस.टी., पेण, माणगाव करत मोठा वळसा. त्या श्रावणात शाळेची तपासणी निघाली, मी म्हटलं पुढच्या वर्षी. पुढच्या श्रावणात आपण खरोखर निघालो. तू नऊवारी ठेवणीतलं नेसून, काडी गुंडाळायला ओलं गोणपाट घेऊन, अलिबागच्या स्टँडवर माझ्या आधी येऊन बसली होतीस. कंट्रोलर म्हणाला, नदीचं पाणी पुलावर आलंय, गाडी जात नाही. आपण दुपारपर्यंत बाकावर बसलो. तू मला विचारलंस, अप्पांना कळंल का? मी म्हटलं, मला काय ठाऊक. मग तू गोणपाट पिळून काखेत मारलंस आणि म्हणालीस, पुढल्या सोमवारी.

पुढल्या सोमवारी नारळी पुनवेची तयारी होती, होड्या निघायच्या होत्या, तुला सवड नव्हती. त्यानंतर मला नव्हती. मग काडीचा हंगाम संपला. थंडीत तू अंथरूण धरलंस, आणि फाल्गुनात रतन निरोप घेऊन शाळेत आली: आई विचारते, बोर्लीला कधी जायचं? मी वर्गावर होते. दारातूनच सांगितलं, श्रावण लागला की नक्की.

श्रावण लागला तेव्हा तू नव्हतीस. काडी मी एकटीने जाऊन आणली असती तरी झालं असतं. रतनने दोनदा विचारलंही. मी बोर्लीला गेले नाही.